उत्तर: नंबर नाही, तरी नजर तपासा
ताई, मुलाची फिटची गोळी सात वर्षं चालू आहे, चष्म्याचा नंबर नाही, मग डोळे कशाला दाखवायचे, असं तुम्ही विचारलंत. गोळी व्हिगाबॅट्रिन असेल तर जरूर दाखवा. माझा भाऊ खानापुरात तक्त्यावरची शेवटची ओळ सुद्धा वाचायचा. पण दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, ताटात डावीकडं वाढलेली चटणी त्याला दिसायचीच नाही. आम्ही त्याला वेंधळा म्हणायचो, त्याचं आजही वाईट वाटतं.

या औषधानं नजर कडेकडून आत आवळत येते, मधली शाबूत राहते, म्हणून पेशंटलाही कळत नाही. 1997 पासून हे माहीत आहे. वर्षानुवर्षं घेणाऱ्या मोठ्या माणसांत तिघांतल्या एकाला तरी होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही. बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं 'पेरिमेट्री' म्हणून मागा. मशीनमध्ये ठिपका दिसला की बटण दाबायचं, एवढंच. सहा महिन्यांनी परत करायची.

गोळी मात्र मनानं बंद करू नका हं. एकदम सोडली तर फिट थांबता थांबत नाही. डॉक्टरच हळूहळू कमी करतात. गोळी टोपिरामेट असेल तर गोष्ट वेगळी: सुरुवातीच्या महिन्यात डोळा दुखून अचानक अंधूक दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.