मदत हवी आहे: डोंबिवलीच्या फ्लॅटचे पैसे जर्मनीत कसे आणू? १९ तारखेच्या आत हवेत!

पारिजात (३ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०)
नमस्कार. डोकं चालेनासं झालंय म्हणून थेट विचारते. डोंबिवलीचा फ्लॅट विकला, माझ्या वाटणीचे ३८ लाख खात्यात येऊन पडलेत. इथे आउग्सबुर्गला घर घेतोय, १९ तारखेला नोटारकडे (खरेदीखत करून देणारा इथला सरकारमान्य वकील) सह्या आहेत. नेट बँकिंगवरून पाठवायला गेले तर "ही सुविधा आपल्या खात्यासाठी उपलब्ध नाही". शाखेत फोन केला तर म्हणे, स्वतः या. दोन लहान मुलं घेऊन जाऊ का आता डोंबिवलीला? इथलं घड्याळ मागे गेल्यापासून रोज पहाटे साडेपाचला उठते, कारण तिकडे तेव्हा दहा वाजतात, आणि अर्धा तास फोनवर सनई ऐकते. माझेच पैसे मला का मिळू नयेत? सगळ्यात लवकरचा मार्ग सांगा.

हिशेबनीस
ताई, घाई कळते, पण माहिती अर्धीच दिलीत. खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं) आहे की साधं बचत? फ्लॅट कोणाच्या नावावर होता, कधी घेतलेला? घेणाऱ्याने टीडीएस किती कापला?

कोकणकडा
मी अकरा वर्षं दुबईहून घरी पैसे पाठवतोय. एनआरई खातं (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं) उघडा, पगार झाला की एक्स्चेंज हाउसमधून टाका. व्याजावर भारतात कर नाही.

पारिजात
दादा, मला पाठवायचे नाहीत, आणायचे आहेत.

सदूकाका
एवढा घोळ कशाला? भाऊ आहे ना तिकडे? त्याच्या खात्यात टाका, तो पाठवेल. मी मुलाला अटलांटाला असेच पाठवतो. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. पॅन दिला, फॉर्म भरला, दोन दिवसांत पोचले.

म्युनिककर
काका, तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे, पण ताईंना हा रस्ता महागात पडेल. तुम्ही म्हणता त्या मुभेतून (एलआरएस) भेट म्हणून पाठवले की दहा लाखांच्या वर २० टक्के टीसीएस (बँक पाठवतानाच वसूल करते तो कर). म्हणजे २८ लाखांवर ५ लाख ६० हजार आधी कापून जाणार. ते भावाच्या विवरणपत्रात परत मिळतील, पण पुढच्या वर्षी. शिवाय इथल्या कागदावर ती भावाने दिलेली भेट ठरते. आईवडिलांकडून चार लाख युरोपर्यंत माफ आहे, भावंडांकडून फक्त वीस हजार, दहा वर्षांत मिळून. ३८ लाख म्हणजे साधारण ३७ हजार युरो. वरच्या सतरा हजारांवर १५ टक्के भेट-कर. स्वतःच्याच पैशावर!

सदूकाका
आम्हाला कधी कोणी एवढं विचारलं नाही. लोकांना उगीच घाबरवू नये.

म्युनिककर
घाबरवत नाही काका. तुमचा मुलगा अमेरिकेत, तिथले नियम वेगळे.

झटपट
ताई, ओळखीचा माणूस आहे. तिकडे रुपये द्यायचे, इकडे युरो रोख घ्यायचे. एका दिवसात काम. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

हिशेबनीस
कृपया असलं सुचवू नका. हा सरळ हवाला आहे, फेमा या परकीय चलन कायद्याखाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

म्युनिककर
आणि १ एप्रिल २०२३ पासून जर्मनीत घराची किंमत रोखीने देताच येत नाही. रोख घेऊन ताई करणार काय?

पारिजात
व्यनि करणार नाही. हिशेबनीस, उत्तरं: खातं साधं बचत, कॉलेजपासूनचं, २०१३ ला इकडे आले तेव्हा तसंच राहिलं. फ्लॅट बाबांनी १९९४ ला घेतलेला. ते मागच्या वर्षी गेले, मग आम्हा दोघा भावंडांच्या नावावर झाला. ७६ लाखांना गेला. टीडीएस १ टक्का कापलाय. पासपोर्ट भारतीय. हे सगळं लागतं का पण?

हिशेबनीस
सगळंच लागतं, गाठ इथेच आहे. परदेशी स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. आधी तेवढंच करा. स्वतः जायची गरज बहुधा नसते. पासपोर्ट, जर्मनीत राहण्याचा परवाना, पत्त्याचा पुरावा, पॅन हे म्युनिकच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून कुरिअरने चालतं. शाखेला मेलवर विचारा, फोनवर नको, म्हणजे लेखी उत्तर राहतं. एनआरओतून आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, त्यावर टीसीएस नाही. सीएकडून १५सीबी (कराबाबतचा दाखला), त्यावरून तुम्ही १५सीए (पैसे बाहेर नेत असल्याचा फॉर्म) भरायचा, ते बँकेत द्यायचं.

दुसरी गाठ टीडीएसची. १ टक्का हा भारतात राहणाऱ्या विक्रेत्याचा दर. तुमच्या वाटणीवर साडेबारा टक्के आणि वर सेस कापायला हवा होता. घेणाऱ्याला कळवा, नोटीस त्याला येते. कराची बाजू स्वच्छ झाल्याशिवाय सीए १५सीबीवर सही करणार नाही. नफ्यावरचा आगाऊ कर १५ डिसेंबरच्या आत भरून टाका.

रानजाई
पण त्या घर घेतायत ना? घरात पैसे गुंतवले की कर माफ असतो. माझ्या नणंदेने तसंच केलं.

हिशेबनीस
नणंदेने भारतात घेतलं असेल. ती सूट भारतातल्या घरालाच आहे, आउग्सबुर्गच्या नाही. हो, फ्लॅट २००१ च्या आधीचा आहे, तर १९९४ च्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येईल. नफा बराच खाली येतो. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्या.

कोकणकडा
जर्मनीत साडेबारा हजार युरोच्या वर आले तर बुंडेसबँकेला (तिथली मध्यवर्ती बँक) कळवावं लागतं म्हणे. पैसे अडकतात.

म्युनिककर
ती मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून पन्नास हजार आहे. आणि ते फक्त कळवणं असतं, पैसे अडकत नाहीत.

पारिजात, तुमच्या मूळ काळजीवर कोणी बोललंच नाही. १९ तारखेला सह्या आहेत ना, पैसे नाहीत! नोटार आधी तुमच्या नावाची पूर्वनोंद जमीन-नोंदवहीत घालतो, मग "आता रक्कम भरा" असं पत्र पाठवतो. आमचं पत्र सह्यांनंतर सहा आठवड्यांनी आलं. त्याआधी एक युरोही द्यायचा नसतो. आपल्या बायर्न राज्याचा साडेतीन टक्के खरेदी-कर आणि नोटारचं बिलही नंतरच येतं. मुदत अगदी जवळची लिहिली असेल तर सह्यांआधी मसुद्यात बदलून मागा. कर्ज देणाऱ्या बँकेला खात्याचा उतारा दाखवून विचारा, तुमच्याकडे पैसे असल्याचा पुरावा म्हणून चालतो का.

पारिजात (५ नोव्हेंबर, सकाळी ६:१०)
म्युनिककर, रात्री मसुदा काढून वाचला. खरंच, "नोटारच्या पत्रानंतर १४ दिवसांत" असं लिहिलंय. मी १९ तारीख म्हणजे पैशांचीच तारीख धरून बसले होते. नवऱ्याने तर सहकाऱ्याकडे उसने मागितले होते.

वकिलातीत मंगळवारची वेळ मिळाली. घेणाऱ्याशी भाऊ आज बोलणार आहे. काल रात्री त्याने बाबांची लोखंडी पेटी उघडली. १९९४ चा करारनामा, बिल्डरच्या सगळ्या पावत्या एका दोऱ्यात बांधलेल्या, वर बाबांच्या अक्षरात "जपून ठेवणे". फोटो पाठवले त्याने, शाई अजून स्पष्ट आहे.

आता एकच सांगा, डोंबिवली-कल्याणकडे २००१ चं मूल्यांकन करून देणारं कोणी माहीत आहे का? भाऊ शनिवारी मोकळा आहे.