नव्या इमारतीत जुनी माणसं किती उरली, हे कुणी मोजतं का?

उंबरठा:
शहराच्या जुन्या भागाचं नवीकरण झालं की किती घरं नवी झाली, किती मजले चढले, रस्ता किती रुंद झाला हे लगेच सांगितलं जातं. मला वेगळा आकडा हवा आहे. दहा वर्षांनी तिथे मूळच्या कुटुंबांपैकी किती राहत असतात?

पुनर्विकासाआधी घरोघरी सर्वेक्षण होतं, ते काम मी काही वर्षं केलं. मालक की भाडेकरू, खोल्या किती, क्षेत्रफळ किती, बांधकाम कच्चं की पक्कं, असे फॉर्मात रकाने असत. एका खोलीत एक आजी एकट्या राहत होत्या. माझे प्रश्न चालू असतानाच शेजारची मुलगी आत आली. तिने डबीतली गोळी काढून आजींच्या हातावर ठेवली, पाणी दिलं आणि गेली. "माझी एक किल्ली तिच्याकडेच असते," आजी म्हणाल्या. मी फॉर्मात भरलं: व्यक्ती १, भाडेकरू, खोली १. त्या मुलीसाठी रकानाच नव्हता. पुढे त्या दोघी दोन दिशांना गेल्या.

अमेरिकेत बॉस्टनच्या वेस्ट एंड भागाचं हेच झालं. १९४९च्या गृहनिर्माण कायद्यानुसार जुनी वस्ती पाडण्याच्या निव्वळ खर्चातला दोन तृतीयांश वाटा केंद्र सरकार उचलत असे. त्यामुळे एखाद्या भागावर 'झोपडपट्टी'चा शिक्का बसला की नगरपालिकेला तो भाग पाडणंच परवडायचं. वेस्ट एंडवर तो शिक्का बसला आणि १९५८ ते १९६० या काळात तो भाग जमीनदोस्त झाला. सुमारे २,७०० कुटुंबं उठली. हर्बर्ट गॅन्स हे समाजशास्त्रज्ञ पाडापाडीच्या आधी तिथे राहून आले होते. भाडं कमी असलेली, एकमेकांना धरून राहणारी कष्टकऱ्यांची वस्ती त्यांनी पाहिली होती. झोपडपट्टी म्हणावी असं तिथे फारसं काही नव्हतं. त्या जागी महागडे टॉवर आले. उठलेल्या लोकांशी मार्क फ्राइड या मानसशास्त्रज्ञाने नंतर बोलून पाहिलं, तर घरातलं माणूस गेल्यावर होतं तसं दुःख त्यांच्यात आढळलं.

घरं सुधारू नका असं मी म्हणत नाही. पण सुधारणा कुणासाठी केली, हे तिथे शेवटी कोण राहतं यावरूनच ठरतं.

सिमेंटवाळू:
उंबरठा, तुमची तळमळ पोचली. तरी मी असहमत आहे, आणि का ते सविस्तर सांगतो.

मी जुन्या इमारतींची तपासणी करतो. बाहेरून रंग लावलेला असतो. आत तुळईवर हातोडीने टकटक केलं की पोकळ आवाज येतो, स्क्रू ड्रायव्हरने जरा खरवडलं की काँक्रीटचा पापुद्रा हातात येतो आणि आतली सळई गंजून निम्मी झालेली दिसते. त्या तुळईखाली पाळणा टांगलेला मी पाहिला आहे. ही माणसं एकमेकांच्या किल्ल्या सांभाळतात हे खरं, पण स्लॅब कोसळताना किल्ली कुणाकडे आहे हे विचारत नाही.

जुन्या वस्त्या कशा होत्या तेही आठवू या. १८३२च्या पटकीत एकट्या पॅरिसमध्ये सुमारे १८ हजार माणसं गेली. १८५३ ते १८७० या काळात तिथले प्रशासक ओसमान यांनी रुंद रस्त्यांसाठी शहर उभं-आडवं कापलं म्हणून त्यांना आजही शिव्या बसतात. पण भूमिगत गटारं आणि स्वच्छ पाण्याची व्यवस्था त्याच काळात झाली.

आणि वस्ती सुधारली की गरीब हाकलले जातात, हे तितकं सरळ नाही. फ्रीमन आणि ब्रॅकोनी या अभ्यासकांनी न्यूयॉर्कची आकडेवारी तपासून २००४ मध्ये निष्कर्ष मांडला. सुधारत चाललेल्या भागांतल्या गरीब कुटुंबांचं घर सोडून जाण्याचं प्रमाण इतर भागांतल्या गरिबांपेक्षा कमी होतं. भाग चांगला झाला तर माणूस तिथेच चिकटून राहायला बघतो, हे स्वाभाविकच आहे.

ओसरी:
सिमेंटवाळू, त्या न्यूयॉर्कमध्ये भाडेनियंत्रणाखालची घरं भरपूर आहेत हे विसरू नका. तिथला भाडेकरू टिकला त्यात त्या कायद्याचाही हात असणार. शिवाय गरीब कुटुंबं नेहमीच घरं बदलत असतात. कुणाची नोकरी जाते, कुणाचं लग्न होतं. पूर्वी एक कष्टकरी कुटुंब गेलं की त्या जागी दुसरं कष्टकरी कुटुंब येई. आता रिकामी झालेली खोली त्यांच्या आवाक्यात राहत नाही. कुणाला हाकलावं लागत नाही, नव्याला दार बंद झालं की पुरतं. लंडनच्या इस्लिंग्टनसारख्या भागांत मध्यमवर्ग येऊन कष्टकऱ्यांची घरं घेऊ लागला, तेव्हा रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये त्याला 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द दिला. भाडेपट्ट्याची मुदत संपली की घर हातचं जाई, असं त्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीही बुलडोझरची गरज नव्हती.

पायवाट:
दोन्ही बाजू इमारतीभोवतीच फिरताहेत. आधी लोकसंख्येकडे पाहा, मग इमारतीकडे या.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातली प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत घ्या. ११ मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० घरं. १९५४ मध्ये लोक राहायला आले आणि १९७२ मध्ये ती पाडायला सुरुवात झाली. तिची रचना करणारे मिनोरू यामासाकी यांनाच सगळे दोष देतात. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे, चौथ्या, सातव्या, दहाव्या मजल्यावर थांबे. बाकीच्या मजल्यांवरची बाई पिशव्या घेऊन जिन्याने एक मजला चढणार किंवा उतरणार, आणि त्या जिन्यात दिवे फुटलेले. रचना चुकली होती, मान्य.

पण ही वसाहत कुठल्या हिशेबावर उभी राहिली? शहर वाढत जाणार, या. १९५० मध्ये सेंट लुइसची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या वर होती. १९७० मध्ये ती सव्वासहा लाखांपर्यंत उतरली, २०२० मध्ये जेमतेम तीन लाख. ज्यांना शक्य झालं ते उपनगरात गेले. वसाहतीची देखभाल भाड्यातून व्हायची होती. घरं रिकामी पडली, भाडं आटलं, लिफ्ट बंद पडल्या, म्हणून आणखी लोक गेले. कितीही कुशल वास्तुकार आणला असता तरी हा हिशेब सुटला नसता.

उपनगरात कोण जाऊ शकलं हेही पाहिलं पाहिजे. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून एका साच्यातली हजारो घरं बांधली गेली आणि सरकारी हमीच्या कर्जामुळे ती सामान्य पगारदाराला परवडली. पण कृष्णवर्णीयांना तिथे घर मिळत नसे, सुरुवातीच्या करारात तसं कलमच होतं. घर घ्यायची ऐपत असलेली कृष्णवर्णीय कुटुंबंही त्यामुळे शहरातच अडकली, आणि मग त्यांच्याच वस्त्यांवर 'जीर्ण' असा शिक्का मारून नवीकरण आलं. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६३ मध्ये नवीकरण म्हणजे कृष्णवर्णीयांना हटवणं असं म्हटलं, त्यामागे हे सगळं होतं. तेव्हा लोकसंख्या बदलते म्हणताना ती आपोआप बदलते असं समजू नका. कर्ज कुणाला, जमीन कुणाला, हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेलं असतं.

सिमेंटवाळू:
पायवाट, हा मुद्दा मोलाचा आहे आणि तो माझ्या बाजूनेही बोलतो. लोकसंख्या बदलत असेल तर इमारतही बदलली पाहिजे. टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनमध्ये १९७१ पासून तरुण जोडपी राहायला आली. पाच मजली इमारती, लिफ्ट नाही. ती जोडपी एकदमच आली, तशी एकदमच म्हातारी झाली. मुलं मोठी होऊन बाहेर पडली, शाळा बंद पडू लागल्या आणि पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना खाली उतरणंच अवघड झालं. तिथल्या सुवा भागातल्या घरमालकांनी वर्षानुवर्षं बैठका घेतल्या आणि ६४० घरांच्या जागी १,२४९ घरं बांधायचं ठरवलं. २०१३ मध्ये काम पुरं झालं. जास्तीच्या घरांत तरुण कुटुंबं आली. उंबरठा, याला तुम्ही काय म्हणाल?

उंबरठा:
उत्तम म्हणेन. मनापासून. पण ते कशामुळे जमलं ते तुम्हीच लिहिलं आहे: *घरमालकांनी*. घर त्यांच्या नावावर होतं. बहुसंख्य मालकांनी हात वर केल्याशिवाय एक वीट हलत नव्हती. वेस्ट एंडमधले बहुतेक लोक भाडेकरू होते, त्यांना हात वर करायचा अधिकारच नव्हता. माझ्या त्या आजीही भाडेकरूच.

तिसरीबाजू:
भाडेकरू असोत वा मालक, सिंगापूरने वाट दाखवली आहे. १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं, आज जवळजवळ ८० टक्के रहिवासी त्याच्या घरांत राहतात. १९९५ पासून जुन्या निवडक इमारतींसाठी योजना आहे: आधी जवळपास नवी इमारत उभी राहते, रहिवाशांना ९९ वर्षांच्या नव्या पट्ट्याचं घर देऊ केलं जातं, मग जुनी पाडतात. शेजाऱ्यांनी मिळून अर्ज केला तर घरं एकमेकांजवळ निवडता येतात. उंबरठा, तुमच्या फॉर्मात नसलेला रकाना हाच ना?

उंबरठा:
हो, हाच! हे वाचून बरं वाटलं.

ओसरी:
मला इतकं बरं वाटत नाही. सिंगापूरमध्ये बहुतेक जमीन सरकारच्याच ताब्यात आहे आणि ती घेताना १९६६च्या भूसंपादन कायद्याने नुकसानभरपाई तोकडी ठेवली होती. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कुठल्या वंशाची किती कुटुंबं असावीत याचीही मर्यादा आहे. वस्त्या एकजिनसी होऊ नयेत हा हेतू मला पटतो. पण मर्यादा भरलेली असेल तर अल्पसंख्य मालकाला ग्राहक कमी मिळतात आणि घर स्वस्तात काढावं लागतं. शेजार टिकवण्याचं काम सरकारने हातात घेतलं की शेजारी कोण असावा हेही तेच ठरवतं. मला हे भाडेनियंत्रणापेक्षा जास्त जड वाटतं.

तिसरीबाजू:
मग व्हिएन्ना बघा. तिथे १९८० च्या दशकापासून भाडेकरूंना न उठवता जुन्या इमारती दुरुस्त करण्यावर भर आहे. शहर पैसे देतं आणि बदल्यात मालकाला भाडं मर्यादेत ठेवावं लागतं. पाडापाडी कमी आणि धूळ जास्त, पण माणसं जागेवर.

सिमेंटवाळू:
व्हिएन्नाच्या त्या इमारती जाड विटांच्या भिंतींच्या आहेत, शंभर वर्षं सहज काढतात. गंजलेल्या सळईचा आरसीसी सांगाडा माणसं आत ठेवून प्रत्येक वेळी दुरुस्त होत नाही. ज्या तुळईखाली पाळणा पाहिला ती इमारत मी त्याच आठवड्यात रिकामी करायला सांगितली होती, उद्याही सांगेन, आणि तेव्हा भाडेकरू कोण, मालक कोण हे विचारत बसणार नाही.

पण उंबरठा, तुमचं एक मात्र मी घेतलं. माझ्या अहवालात "तातडीने रिकामी करावी" असं वाक्य असतं आणि त्यापुढे पूर्णविराम. ही माणसं कुठे जाणार हे लिहिणं माझं काम नाही, असं मी आजवर मानत आलो. आता त्या वाक्याखाली प्रत्येक खोलीत कोण राहतं आणि त्यांच्यापैकी कोण कुणावर अवलंबून आहे, याची यादी जोडणार आहे. ती वाचायची की नाही ते वरचे ठरवतील.

उंबरठा:
यादीचा नमुना मी तयार करून देते. पहिला रकाना: किल्ली कुणाकडे असते?