ट्रान्झिस्टर बदलला की कलेक्टर करंट का बदलतो?

तांब्याची_तार:
एका ट्रान्झिस्टरचा ऑडिओ अँप्लिफायर: सप्लाय १२ व्होल्ट, सप्लायपासून कलेक्टरला २.२ के (किलोओहम) रेझिस्टर, सप्लायपासून थेट बेसला १ मेग (मेगओहम), एमिटर ग्राउंडला. बीसी५४७बी लावला तेव्हा कलेक्टरवर ७ व्होल्ट होते, ऑडिओ स्वच्छ. त्याच जागी बीसी५४७सी लावला तर जेमतेम ०.२ व्होल्ट, आवाज गायब. बेसवर दोन्ही वेळा ०.६५ च्या आसपास. नग खराब समजायचा का?

मिलिअँप:
नग ठणठणीत आहे, बायसिंग (सिग्नल नसताना ट्रान्झिस्टरचा करंट ठरवणारी जोडणी) लंगडं आहे. १ मेगमधून बेसला ११.३५ मायक्रोअँप जातात, ट्रान्झिस्टर कुठलाही असो. कलेक्टर करंट म्हणजे याची बीटापट (बीटा म्हणजे ट्रान्झिस्टर बेस करंट किती पटीने वाढवतो तो आकडा, नगागणिक वेगळा). बीटा २०० असेल तर २.२७ मिलिअँप, २.२ के वर ५ व्होल्ट पडतात, म्हणून तुमचे ७ व्होल्ट. ‘सी’ गटाचा बीटा ४२० ते ८०० असतो. ५०० धरला तरी ५.७ मिलिअँप व्हायला हवेत, पण २.२ के मधून १२ व्होल्टला ५.४५ च्या वर जाणारच नाहीत. म्हणजे सॅच्युरेशन: ट्रान्झिस्टर पूर्ण उघडून अडकला, सिग्नलला हलायला जागा नाही.

तांब्याची_तार:
मग १ मेगऐवजी २.२ मेग लावला तर?

मिलिअँप:
चालेल, पण त्या एकाच नगापुरतं. पुढचा नग बसवला की परत हिशेब.

१ मेग काढून डिव्हायडर करा, म्हणजे सप्लाय ते ग्राउंड दोन रेझिस्टर आणि मधल्या जोडावर बेस: वर ४७ के, खाली १० के, एमिटर ते ग्राउंड ६८० ओहम. बेसवर साधारण २.१ व्होल्ट येतात, एमिटरवर १.४. करंट बीटा २०० ला २.०१ आणि ५०० ला २.०९ मिलिअँप. करंट वाढू लागला की एमिटरचं व्होल्टेज चढतं, बेस-एमिटरमधला फरक कमी होतो आणि वाढ तिथेच अडते. डिव्हायडरमधून ०.२ मिलिअँप वाहतो, बेस करंटच्या किमान वीसपट. ४७० के / १०० के अशी जोडी लावून वीज वाचवायला गेलात तर हा फायदा बराचसा जातो.

एमिटर रेझिस्टर गाळून नुसता डिव्हायडर मात्र कधीच नको. तापमान १० अंश वाढलं की तेवढ्याच करंटला बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २० मिलिव्होल्ट कमी लागतं. बेसचं व्होल्टेज बांधलेलं असेल तर करंट दुप्पट होतो.

गरम_इस्त्री:
बरोबर, पण ६८० ओहम मोकळा ठेवला तर गेन (सिग्नल किती पट वाढतो) जेमतेम ३. पूर्ण बायपास केला (त्याला समांतर कपॅसिटर लावला) तर १७० च्या आसपास, आणि मोठ्या सिग्नलला विकृती. ६८० चे १०० अधिक ५६० करा, १०० एमिटरकडे, ५६० ग्राउंडकडे, फक्त ५६० ला समांतर १०० मायक्रोफॅरड लावा, धन टोक १०० ओहमच्या बाजूला. गेन १९ च्या आसपास, वारंवारतेची खालची मर्यादा १७ हर्ट्झ. डीसी करंट जवळपास तोच.

जागा कमी असेल तर १ मेग काढून कलेक्टरपासून बेसला ४७० के. बीटा २०० ला २.५, ५०० ला ३.६ मिलिअँप, डिव्हायडरइतकं घट्ट नाही, पण सॅच्युरेशनला जात नाही. इनपुट इंपिडन्स (सिग्नलच्या स्रोताला दिसणारा रोध) मात्र घसरतो.

मिलिअँप:
करंट मोजायला सर्किट तोडू नका. एमिटरचं व्होल्टेज मोजून तिथल्या एकूण ओहमने भागा. आणि बीसी५४७ ची सपाट बाजू समोर, पाय खाली धरल्यावर डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर. पीएन२२२२ मध्ये उलटा क्रम असतो, तो बदली म्हणून लावताना पाय तपासा.