युगांडातलं ब्विंडीचं जंगल: गुडघेदुखीवाल्या आईला घेऊन जमेल का?

पायवाट:
मंडळी, ब्विंडी बरीच वर्षं डोक्यात आहे. गोरिला बघायचेच आहेत पण मला त्या जंगलाचीच जास्त ओढ आहे, २५ हजार वर्षांहून जुनं म्हणतात, हिमयुगातही टिकून राहिलेलं. आता आईपण येते म्हणतेय. वय ६७, रोज चालायला जाते पण उतरताना गुडघा कुरकुरतो. एजंट म्हणतो परमिट कुठलंही घ्या सगळं सारखंच, राहायचं बुहोमाला. मला काही हे पटत नाहीये. शिवाय ८०० डॉलरचं परमिट आणि गोरिलांजवळ एकच तास, मग बाकी काय करायचं तिथे?

रानभूल:
सारखं अजिबात नाही! ब्विंडीत चार भाग आहेत, बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो, आणि परमिट त्या त्या भागातल्या गोरिला कुटुंबाचं असतं, सकाळी हजरही तिथेच व्हायचं. मुक्काम बुहोमाला आणि परमिट रुशागाचं निघालं तर पहाटे अंधारात घाटातून काही तास गाडी हाणत जावं लागेल. म्हणून आधी परमिट, मग लॉज. आईंसाठी न्कुरिंगो सरळ काट मारा, तिथे आधी दरीत उतरायचं आणि मग तेवढंच चढून यायचं. बुहोमा त्यातल्या त्यात सोपं, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही कारण गोरिला रोज संध्याकाळी नवीन जागी झोपायची घरटी करतात. ट्रॅकर पहाटे आदल्या दिवशीच्या जागेपासून माग काढत जातात, कधी तासाभरात सापडतात कधी दुपार होते. सकाळी ८-८ जणांचे ग्रुप पाडतात तेव्हाच रेंजरला गुडघ्याचं सांगा, लाजू नका, जवळच्या कुटुंबाकडे पाठवायचा प्रयत्न करतात.

कोकीळकंठ:
पोर्टर घ्याच. फक्त बॅगेसाठी नाही, चिखलात हात धरायला आणि मागून ढकलायलापण :) आजूबाजूच्या गावातलेच लोक असतात, त्यांनाही चार पैसे मिळतात. अगदीच नाही जमलं तर खुर्चीत बसवून खांद्यावरून नेतात, तिकडे त्याला गमतीत हेलिकॉप्टर म्हणतात. फक्त ते आधी सांगून ठेवा, माणसं जमवावी लागतात.

पिसारा:
"बाकी काय" म्हणजे काय हो! साडेतीनशेच्या आसपास जातीचे पक्षी आहेत, त्यातले २३ फक्त आल्बर्टाइन रिफ्टच्या डोंगरपट्ट्यातलेच. रुहिजाहून मुब्विंडी दलदलीकडे वाट उतरते, तिथे ग्रीन ब्रॉडबिल दिसतो, इवलासा हिरवा पक्षी, पानात बसला की गाइडने बोट दाखवूनही दिसत नाही. पण ती वाट आईंना नको, परतीचा चढ दमवतो. बुहोमाला धबधब्याकडे जाणारी वाट घ्या, झाडांवरून लोंबणारं शेवाळ, नेचे, फुलपाखरं, कोलोबस माकडं सगळं निवांत बघता येतं. रुहिजाच्या बांबूत हत्तीपण आहेत, बहुतेकदा लीदच दिसते म्हणा.

रानभूल:
आणि हो, सर्दी खोकला असेल तर गोरिलांजवळ सोडत नाहीत, आपले आजार त्यांना लागतात. मास्क लावावाच लागतो. २०१८ च्या मोजणीत इथे ४५९ निघाले, जगातल्या सगळ्या माउंटन गोरिलांच्या निम्म्याला जरा कमी, त्यामुळे कडक असतात ते बरंच आहे.

जुनाखोड:
एक वेगळं सांगतो. १९९१ ला नॅशनल पार्क झालं तेव्हा तिथले मूळ रहिवासी बाट्वा लोक बाहेर काढले गेले. आता ते पर्यटकांना आपली जुनी जंगलातली राहणी दाखवतात. मला ते बघताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण पैसे त्यांच्याच हातात पडत असतील तर जरूर जा, एवढं आधी विचारून घ्या.

पायवाट:
सगळ्यांना खूप धन्यवाद! एजंटला बुहोमाचंच परमिट मागितलंय, तारीख मिळेल त्याप्रमाणे लॉज. कपडे काय न्यायचे? जून जुलै कोरडा असतो ना?

कोकीळकंठ:
त्यातल्या त्यात कोरडा, पाऊस तरी येतोच. फुल बाह्या, पँट मोज्यात खोचायची आणि बागकामाचे जाड हातमोजे, खाजखुजलीसारखी झुडपं असतात आणि घसरलं की हात नेमका त्यातच जातो. आणि यलो फीव्हरची लस प्रवासाच्या १० दिवस आधी तरी घ्या, सर्टिफिकेट त्यानंतरच ग्राह्य धरतात.