मदत हवी आहे: फुटबॉलच्या चॅनलला एका पेठेतला स्पॉन्सर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मित्र गेले तीन सीझन कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचे फुटबॉल सामने यूट्यूबवर लाइव्ह दाखवतोय. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरं पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) किंवा शिवाजी तरुण अशा पेठांच्या संघांची मॅच असली की हमखास जोडली जातात. प्रेम भरपूर मिळतंय, पैशाचं मात्र गणित बसत नाही.

गेल्या सीझनचे ३८ सामने. दोन कॅमेरावाले, कॉमेंट्रीवाला, नेटचा डेटा धरून सामन्यामागं साधारण ४,५०० रुपये, म्हणजे १ लाख ७१ हजार. यूट्यूबचे आले ४१ हजार, स्क्रीनवरच्या छोट्या जाहिरातींचे ६० हजार. उरलेले ७० हजार आम्ही दोघांनी घातले. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपल्याला मिळतात, पण मराठी चॅनलला मूळ दरच कमी. त्यात गोल झाल्यावर मैदानातल्या स्पीकरवर सिनेमाचं गाणं लागलं की कॉपीराइट क्लेम येतो आणि त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडं जाते. हलगी वाजली तर काही अडचण नाही. पावसाळ्यात सामने बंद, आणि गुगल १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे सोडत नाही, त्यामुळं ते चार महिने खातं कोरडंच. २०२४ ला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ आणल्यावर नेमबाजीचे व्हिडिओ करून बघितले. मनापासून केले होते, पण फुटबॉलच्या एक दशांशसुद्धा बघितले गेले नाहीत.

आता खरा प्रश्न. एक व्यापारी वर्षाला दीड लाख द्यायला तयार आहेत. माणूस चांगला, पण आपल्या पेठेतल्या एका संघाला ते वर्षानुवर्षं मदत करतात हे सगळ्या गावाला माहीत आहे. चॅनलच्या नावाआधी त्यांचं नाव लागलं, की ऑफसाइडचा रिप्ले दाखवला तरी समोरची पेठ म्हणणार, कॅमेरा विकला गेला. आमच्याकडं विश्वास सोडून दुसरं भांडवल नाही.

मित्र म्हणतो, पैसे घे, सीझन तरी निघेल. मला वाटतं, वेगवेगळ्या पेठांतले दहा-पंधरा हजारांचे दहा दुकानदार बरे. पण वसुलीला फिरायचं कुणी? दोघंही नोकरी करतो.

कुणी अशा करारात ‘चित्रीकरण आणि कॉमेंट्रीत हस्तक्षेप नाही’ असं कलम घातलंय का? शब्द कसे होते? पैसे आगाऊ घेतले की हप्त्यानं? शेठना रविवारी उत्तर द्यायचंय.