वणीकडच्या बोअरमधले बुडबुडे

भाऊ, नव्या बोअरमधून बुडबुडे येतात, खाली तेल असेल का, असं तुम्ही विचारलंत. आधी बोअर मारून किती दिवस झाले ते बघा. साडेसहा इंची बोअर हॅमरने मारताना कॉम्प्रेसरची हवा खडकाच्या भेगांत घुसते आणि पुढे काही दिवस बुडबुडत राहते. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

बुडबुडे ओसरले नाहीत तर काडी लावून बघू नका (गावात पहिली हुक्की हीच येते). त्यात मिथेन हा जळणारा वायू असू शकतो; हवेत तो 5 ते 15 टक्के झाला की भडका उडतो, स्टार्टरची ठिणगीही पुरते. स्टार्टरची पेटी केसिंगपासून (बोअरच्या तोंडाच्या पाइपापासून) लांब न्या, बोअरवर खोली बांधू नका.

नमुन्यासाठी नरसाळ्याला नळी घट्ट बसवून ते पालथं दोन हात पाण्याखाली सोडा. नळीचं वरचं टोक पाणी भरलेल्या बादलीत, पाण्याने गच्च भरून उलट्या धरलेल्या बाटलीत घाला. थोडं पाणी उरलं की पाण्याखालीच बूच लावा, बाटली उलटीच न्या. प्रयोगशाळेत नुसता मिथेन निघाला तर तो बहुधा कोळशाच्या थराचा किंवा जिवाणूंचा; यवतमाळकडच्या आपल्या वणीखाली गोंडवनी (जुन्या खडकांच्या थरांतला) कोळसा आहेच. इथेन-प्रोपेन, म्हणजे तेलासोबत येणारे मिथेनपेक्षा जड वायू, ठळक दिसले तरच तेलाचं बोला. आणि निघालंच, तरी ते सरकारचं. सातबाऱ्यावर चढत नाही.