जिनिंगच्या सॉफ्टवेअरसाठी गँट चार्ट की कानबान बोर्ड?

वर्धाकाठ:
हिंगणघाट भागातल्या एका जिनिंगसाठी (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना) आम्ही चौघं सॉफ्टवेअर करतोय. गाडीचं वजन, काटापट्टी म्हणजे वजनाची पावती, ओलाव्याची कपात, शेतकऱ्याचा चुकारा म्हणजे त्याचे पैसे. मालकांना गँट चार्ट हवाय, म्हणजे कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपणार ते तारखांखाली आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता. माझं स्पष्ट मत, लहान टीमला तो कामाचा नाही. एक काम लांबलं की पुढच्या सगळ्या पट्ट्या सरकवत बसा. त्यापेक्षा भिंतीवर कानबान बोर्ड लावावा, चार रकान्यांचा: करायचं, सुरू, तपासणी, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, ती काम होईल तशी पुढच्या रकान्यात सरकवायची. काम कुठं अडलंय ते येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दिसतं.

पऱ्हाटी:
नाही पटलं, भाऊ. दसऱ्यानंतर गाड्या लागल्या म्हणजे लागल्या, कापूस कोणासाठी थांबते का? तारीख पक्की असली की मागून मोजत यावं लागते. काट्याच्या इंडिकेटरची केबल येईस्तोवर वजन कम्प्युटरात येत नाही, वजनाशिवाय काटापट्टी नाही, काटापट्टीशिवाय चुकारा नाही. हे तुमच्या बोर्डावर कुठं दिसते? तिथं सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच. क्रिटिकल पाथची पद्धत 1957च्या सुमारास ड्युपॉन्ट कंपनीत निघाली ती याच्यासाठीच, की कोणतं काम एक दिवस लांबलं तर सगळंच एक दिवस लांबते अन् कोणत्या कामात सवड आहे. केबल त्या क्रिटिकल पाथवर आहे, रिपोर्टचे रंग नाहीत.

वर्धाकाठ:
साखळी मान्य. पण चार्टवर लिहायचे दिवस आणायचे कुठून? ओलाव्याचंच घ्या. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यापुढे माल परत. हे लिहायला सोपं. खाजगी खरेदीत मात्र ग्रेडर मूठभर कापूस दाबून बघतो आणि भाव सांगतो. तो कोणत्या रकान्यात, कोणाच्या सहीनं भरायचा, हे काट्यावर जाऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अशा कामाची पट्टी आधीच किती लांब काढणार?

संत्राबाग:
कानबानचा जीव रकान्यांत नाही, मर्यादेत आहे. टोयोटाच्या कारखान्यात कार्डं मोजकी असतात, कार्ड नाही तर पुढचा माल बनवायचा नाही. तुमच्या 'सुरू' रकान्यात एका वेळी किती चिठ्ठ्या चालतात? चौघांत तीनच ठेवा. चौथ्यानं नवं काम उचलू नये, तपासणीत अडलेलं मोकळं करावं. मर्यादा नसेल तर तो नुसता नोटीस बोर्ड, मग गँटच बरा.

पऱ्हाटी:
मर्यादा ठेवाच. तरी मालकाचा प्रश्न उरतेच, काटा दसऱ्याला चालू होईन का? अख्खा गँट नका काढू. पाच-सहा टप्पे अन् त्यांचे बाण, एका कागदावर. तोच मालकाला दाखवा.

वर्धाकाठ:
बाणांचा कागद चालेल. प्रत्येक कामापुढे दिवस लिहायला मात्र मी तयार नाही. दर सोमवारी किती चिठ्ठ्या 'झालं'मध्ये गेल्या तो आकडा मालकांना देऊ, त्यावरून तारखेचा अंदाज निघतो.

पऱ्हाटी:
चिठ्ठ्या लहानमोठ्या असतात, भाऊ. सोमवारी दहा झाल्या अन् केबल आलीच नाही, तर तो आकडा काय सांगन? बोर्ड कोणताही लावा, केबलवाल्याला आजच फोन करा.